पाठीवरची नावे

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात शिमोनाच्या सासूची हकिगत आहे. अवघी तीन वचने, २९ ते ३१. कफर्णहूमच्या सभास्थानातून प्रभू येशू बाहेर पडतो आणि याकोब व योहान यांना घेऊन शिमोन आणि आंद्रिया यांच्या घरी येतो. घरात सासूबाई तापाने पडून आहेत. येशू जवळ जातो, हात धरतो, उठवतो. ताप जातो आणि ती त्यांची सेवा करू लागते. संपले. तिचे नावसुद्धा मार्क सांगत नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गात हा उतारा मी किती वेळा शिकवला असेल, मोजदाद नाही. मी मुलांना विचारतो, चमत्कार कुठे संपला? सगळी म्हणतात, ताप गेला तिथे. मी म्हणतो, वाक्य तिथे संपलेले नाही, पुढे वाचा. 'उठवले' यासाठी मार्कने वापरलेला ग्रीक शब्दच पुढे प्रभूच्या पुनरुत्थानासाठी येतो आणि 'सेवा' यासाठीचा शब्द ज्या मुळातला आहे, त्यातूनच आपला 'डीकन' आला आहे. एकदा एका मुलीने विचारले, "सर, आत्ता ताप उतरला आणि लगेच कामाला जुंपली? जरा पडू द्यायचं ना तिला!" वर्ग हसला, मीही हसलो. पण मुलीचे म्हणणे मनात राहिले. आजारातून उठलेल्या माणसाने नेमके काय करायचे असते?

हा प्रश्न यंदा अगदी दारात येऊन उभा राहिला. ११ फेब्रुवारीला लूर्डच्या मातेचा सण असतो आणि त्याच दिवशी जागतिक रुग्णदिन. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो १९९२ साली ठरवून दिला आणि १९९३ पासून आपण तो पाळतो. त्यानिमित्त त्या आठवड्याच्या रविवारी आमच्या पॅरिशने एक छोटी धाव ठेवली आहे. कॅन्सर पहाडीचा रस्ता, सुमारे ३ किलोमीटर. धावा, चाला, काठी टेकत या. प्रत्येकाने ओळखीच्यांकडून देणगी मागायची आणि जमेल ती रक्कम उपचारासाठी परगावी जाणाऱ्या रुग्णांच्या राहण्याखाण्याला द्यायची. बाहेरगावच्या वाचकांना पहाडीचे नाव विचित्र वाटेल. ग्वाल्हेरात मांढरे की माता या देवळाजवळच्या टेकडीवर कॅन्सर हॉस्पिटल आहे, म्हणून टेकडीलाच ते नाव पडले. सकाळी लोक तिथे हवा खायला जातात. घरात जो शब्द आम्ही आवाज उतरवून उच्चारतो, तोच भर चौकात रिक्षावाल्याला ओरडून सांगतो: "कॅन्सर पहाडी चलोगे?"

समितीने माझ्याकडे दोन कामे दिली. एक, धावायचे. दुसरे, धावण्याआधी साक्ष द्यायची. या आजारातून उठलेला आणि चारचौघांत बोलायची सवय असलेला असा आमच्यात मीच. धावण्याचे मला काही वाटले नाही. साक्षीचे वाटले.

थोडे मागचे सांगतो. मी लष्करात दाना ओलीत राहतो. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा शिंद्यांच्या छावणीतून वाढलेला भाग, आणि ओली म्हणजे आपली ओळ किंवा आळीच असणार, असे मी धरून चालतो. आमच्याकडे मिस्सा हिंदीत होते. मराठी उरली आहे ती घरात, मोजक्या कुटुंबांच्या प्रार्थनासभेत आणि या लेखांत. काही वर्षांपूर्वी माझ्या मानेत गाठ आली. निदान झाले हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. (१८३२ साली हा आजार पहिल्यांदा मांडणारे डॉ. थॉमस हॉजकिन हे क्वेकर पंथाचे भाविक ख्रिस्ती. परोपकाराच्या कामासाठी पूर्वेकडे प्रवास करत असताना १८६६ मध्ये ते याफा इथे वारले आणि तिथेच त्यांचे दफन झाले. पेत्राने तबीथेला उठवले ते बायबलमधले यापो हेच. पडल्या पडल्या असले काही वाचून मला फार बरे वाटायचे.)

उपचार झाले परळला, टाटा मेमोरियलमध्ये. १९३१ मध्ये लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यानंतर टाटांच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या बाजूच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. मूळ गोव्याचे, आपल्या कॅथोलिक समाजातले शल्यचिकित्सक. त्यांची हयात या रुग्णालयात गेली. मला चार औषधे मिळून सलाइनमधून द्यायचे. त्यांतल्या एकाचे नाव व्हिनब्लास्टिन. ते कशापासून काढतात, माहीत आहे? सदाफुलीपासून. आपल्या अंगणातली, कुंपणाशी उगवणारी, कोणी मुद्दाम पाणीही न घालणारी सदाफुली! रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या दोन संशोधकांनी कॅनडात ते वेगळे काढले, १९५८ च्या सुमारास. त्यांनी ते काढले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

ग्वाल्हेरहून पंजाब मेल थेट दादरला उतरवते. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जातायेता स्लीपर आणि थ्री एसीचे भाडे रेल्वे माफ करते, सोबतच्या एका माणसाला पाऊण सवलत देते. गाडीभाड्याचे असे निभते. बाकीचे निभत नाही. सहा सहा महिने राहायचे कुठे, खायचे काय, गावाकडे मजुरी बुडते तिचे काय? दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे देशभरातून टाटाला येणारे रुग्ण उतरतात. ज्या संताने स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही, त्याच्या नावाने इतक्यांना छप्पर मिळते. आम्हालाही मिळाले.

तिथे आमच्या शेजारी एक मुलगा होता. सतरा वर्षांचा, भुसावळजवळच्या एका गावचा, आईबरोबर आलेला. गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडात गाठ, ऑस्टिओसार्कोमा. पूर्वी या आजारात सरसकट पाय कापत. आता बऱ्याच जणांचा वाचवता येतो आणि त्याचा वाचला होता. रोगट हाड काढून आत धातूचा सांधा बसवला होता. कुबड्या घेऊन तो धर्मशाळाभर फिरायचा, कोणाच्या खोलीत काय शिजतेय याची त्याला पक्की खबर असे. गावात कबड्डी खेळायचा. माझ्या बायकोला मामी म्हणायचा आणि मला काका, हे नाते कसे जुळवले ते त्यालाच ठाऊक. एक दिवस मोबाइल माझ्या डोळ्यांपुढे धरून म्हणाला, "काका, हा बघा. माझाच आजार. आणि एका पायावर पळतोय! माझे तर दोन आहेत."

टेरी फॉक्सची माझी ओळख ही अशी झाली.

टेरी २८ जुलै १९५८ चा, कॅनडातल्या विनिपेगचा. वर सांगितलेल्या सदाफुलीच्या औषधाच्याच वयाचा. १८ वर्षांचा असताना, १९७७ मध्ये, त्याच्या उजव्या गुडघ्यात हाच कर्करोग निघाला आणि पाय गुडघ्याच्या वर सुमारे १५ सेंटीमीटरवर कापला गेला. पुढे १६ महिने केमोथेरपी. डॉक्टरांनी त्याला सांगितले होते, की दोन वर्षांपूर्वी हा आजार झाला असता तर वाचण्याची शक्यता १५ टक्के होती, आता ५० टक्के आहे. फरक पडला तो संशोधनामुळे. हे त्याच्या डोक्यात बसले. दुसरी एक गोष्ट त्याहून खोल बसली. वॉर्डात त्याच्या आजूबाजूला मुले होती, काही हसणारी, काही हरलेली, आणि त्यांतली कित्येक घरी परत गेली नाहीत. कॅनडाच्या कॅन्सर सोसायटीला मदत मागताना ऑक्टोबर १९७९ च्या पत्रात त्याने आपल्या धैर्याबद्दल फार लिहिलेले नाही. त्या चेहऱ्यांबद्दल लिहिले आहे. ते पाहून आल्यावर आपण नुसते घरी बसू शकत नाही, असा त्याचा सूर आहे.

१२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स या पूर्वेकडच्या बंदरात त्याने कृत्रिम पाय अटलांटिक महासागरात बुडवला आणि पश्चिमेकडे धावायला लागला. रोज सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे रोज एक मॅरेथॉन. त्या काळचा कृत्रिम पाय धावण्यासाठी बनवलेलाच नव्हता. एका पायाने दोन उड्या आणि मग दुसऱ्याचे पाऊल, अशी त्याची चाल होती. चित्रफितीत पाहिली तर आधी बघवत नाही आणि नंतर नजर हटत नाही. खुंटाला जखमा होत, रक्त येई. पहिले काही आठवडे रस्त्यावर फारसे कोणी नसायचे. मग पोर्ट ऑ बास्क हे गाव लागले. वस्ती सुमारे १०,००० आणि गावाने दिले १०,००० डॉलर. त्यावरून त्याला सुचले, की देशातल्या प्रत्येक माणसाकडे एकेक डॉलर मागावा. आपल्याकडे घरटी मूठभर तांदूळ गोळा करतात, तोच हिशेब. वाटेत एके ठिकाणी याच आजाराने पाय गेलेला दहा वर्षांचा मुलगा त्याला भेटला आणि सायकलवरून त्याच्यामागे आला. सगळ्या प्रवासातला हा सर्वांत प्रेरणा देणारा दिवस, असे टेरीने म्हटले होते.

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे या गावाजवळ त्याला खोकला आणि छातीत कळा सुरू झाल्या. कर्करोग फुप्फुसात पोहोचला होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले होते आणि देशाचे दुसरे टोक अजून लांब होते. तो थांबला. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेला, म्हणजे खरोखरच माणशी एक डॉलर. २८ जून १९८१ रोजी तो गेला. २३ वर्षांचा व्हायला एक महिना बाकी होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच्या नावाने पहिली धाव झाली, तीन लाख लोक धावले. पुढे ती इतर देशांत पसरली. आपल्या मुंबईतही अनेक वर्षे टेरी फॉक्स रन झाली आहे.

हे सगळे त्या मुलाने मला तुकड्यातुकड्याने सांगितले. टेरीचा शेवट त्याला माहीत होता का? होता. चित्रफीत शेवटपर्यंत पाहिलेली होती. "पण काका, ५,३७३ झाले ना," एवढेच म्हणाला.

जानेवारीचा तिसरा रविवार मुंबई मॅरेथॉनचा असतो. २००४ पासूनची ही स्पर्धा. देणगीचा हिशेबही तिच्यात पहिल्यापासून घातलेला आहे. धावणाऱ्याने नोंदणी झालेली एखादी संस्था निवडायची, आपल्या ओळखीच्यांना सांगायचे 'मी यांच्यासाठी धावतोय, तुम्ही पैसे द्या', आणि युनायटेड वे मुंबईमार्फत ती रक्कम संस्थेकडे जायची. आम्ही दोघे टॅक्सीने शिवाजी पार्कला गेलो. तोंडाला मास्क, गर्दीपासून लांब, झाडाखाली. पुढे धावणारे वाऱ्यासारखे निघून गेले. त्यांच्यात आम्हाला फारसा रस नव्हता. मागून येणारे महत्त्वाचे होते. पोट सुटलेले, लंगडणारे, साडी नेसलेल्या आजीबाई. काहींच्या पाठीला कागद लावलेले होते. कोणाच्या आईचा फोटो, कोणाचे नुसते नाव. मुलगा ती नावे मोठ्याने वाचू लागला. धावणारे मागे वळून त्याच्याकडे बघायचे, हात करायचे. "काका, नाव पाठीवर का लावतात?" त्याने विचारले आणि स्वतःच उत्तर दिले, "मागच्याला वाचता यावं म्हणून."

माझे उपचार एप्रिलमध्ये संपले. आम्ही ग्वाल्हेरला आलो. त्याच्या फुप्फुसात गाठी निघाल्या. पुढच्या पावसाळ्यात तो गेला.

त्याच्या आईचा फोन आला, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भाऊ, तुमचा देव तुमच्यासाठी आला. माझ्या पोराच्या वेळी तो कुठं गेला होता?" राग नव्हता आवाजात. खरेच विचारत होती. लाजराच्या बहिणीने, मार्थाने, जवळजवळ हेच प्रभूला विचारले होते. मार्थेला पुनरुत्थानाचे वचन मिळाले, आणि मग थडग्याकडे जाताना प्रभू स्वतः रडला. मी फोन धरून बसून राहिलो. आमच्याकडे सांत्वनाची ठरलेली वाक्ये पुष्कळ आहेत. त्यांतले एकही मी उच्चारले नाही, आणि ते बरे झाले असे मला आजही वाटते.

आता माझ्या साक्षीची अडचण लक्षात येईल. ग्वाल्हेरला परतल्यापासून भेटेल तो प्रेमाने एकच सांगतो: "देवाने तुम्हाला काहीतरी कामासाठी ठेवलंय." साक्षीतही हेच सांगा, म्हणजे लोकांचा विश्वास दृढ होईल, असे समितीतल्या एका ज्येष्ठांनी सुचवले. त्यांचा हेतू चांगलाच. पण या वाक्याची दुसरी बाजू उलगडून पाहा. मला कामासाठी ठेवले, तर मग त्या मुलाकडून देवाला काही काम नव्हते? चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या आंटी, ज्यांचे यजमान याच आजाराने गेले, त्यांनी हे वाक्य ऐकून घरी काय घेऊन जायचे?

२ शमुवेल, अध्याय १८ काढून वाचा. माझ्या मते पवित्र शास्त्रातली धावण्याची सर्वांत अवघड गोष्ट ती आहे. धावण्याबद्दल बोलायचे म्हटले की आपण लगेच संत पौलाकडे जातो, तेही योग्यच; पण अहीमासकडे कोणी जात नाही. अबशालोमाने बापाविरुद्ध बंड केले आणि लढाईत तो मारला गेला. दावीद राजा वेशीत बसून वाट पाहतो आहे. सादोकाचा मुलगा अहीमास सेनापती योआबाला म्हणतो, मी धावत जातो, परमेश्वराने राजाला शत्रूंपासून सोडवले ही आनंदाची बातमी सांगतो. योआब म्हणतो, आज नको, राजाचा मुलगा मेला आहे. तो एका कूशी माणसाला पाठवतो. अहीमास हट्टच धरतो. योआब विचारतो, बाळा, तू धावून काय करणार, या बातमीचे तुला काही मिळायचे नाही. काही होवो, मी धावणार, म्हणतो आणि निघतो. सपाटीच्या वाटेने कूशीला मागे टाकून तो आधी पोहोचतो. सर्व कुशल आहे, असे ओरडतो. भूमीपर्यंत लवून देवाचे आभार मानतो. राजा एकच विचारतो: तरुण अबशालोम सुखरूप आहे ना? आणि योआबाच्या तोंडून सगळे कळलेले असताना अहीमास म्हणतो, मोठी गडबड दिसली खरी, पण काय झाले ते कळले नाही.

राजा त्याला बाजूला उभा राहायला सांगतो. खरी बातमी मागून येणाऱ्या कूशीच्या तोंडून येते.

अहीमास वाईट माणूस नाही. त्याचे देवाचे आभार खोटे नाहीत. त्याचे पायही उत्तम. फक्त विजयाची बातमी घेऊन तो धावला आणि मेलेल्या मुलाचा विषय निघाला तेव्हा नजर चुकवली. आपल्या कितीतरी साक्षी अशा असतात. मी वाचलो, देवाची स्तुती असो, सर्व कुशल आहे. आणि वेशीत बसलेली ती आई विचारते, माझा मुलगा?

टेरीने हे टाळले नाही. रस्त्याकडेला जमलेल्या लोकांना 'मी बरा झालो' असे सांगत तो फिरला नाही. मागे वॉर्डात राहिलेल्यांची बातमी घेऊन तो गावोगाव गेला. शिवाय तो पुरता बरा झालाच नव्हता. त्याची धाव बरे झालेल्या माणसाची विजययात्रा मानली, तर थंडर बेला ती हरली असे म्हणावे लागेल. कॅनडातल्या लोकांना तसे मुळीच वाटले नाही. निधीचा मोठा भाग तो थांबल्यानंतर आला.

आणखी एक सावधगिरी, ती टी-शर्टची. आमच्या बैठकीचा अर्धा वेळ टी-शर्टचा रंग, पदक आणि ड्रोनने फोटो काढायचे की नाही यात गेला. मला हिज्कीया राजा आठवला. मरणाच्या दारातून तो परत आला. भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, रडला. देवाने १५ वर्षे वाढवून दिली. यशयाने गळवावर अंजिराची चकती लावायला सांगितली. इथवर आपण आवडीने वाचतो. पुढचा, यशयाचा ३९ वा अध्याय सहसा वाचत नाही. राजा बरा झाला हे ऐकून बाबेलहून माणसे भेटीला आली आणि हिज्कीयाने त्यांना आपली सगळी कोठारे दाखवली. सोने, रुपे, सुगंधी द्रव्ये, शस्त्रे, काही म्हणून शिल्लक ठेवले नाही. वाढवून मिळालेल्या वर्षांतला एवढाच प्रसंग तिथे तपशिलाने येतो. हे सगळे एक दिवस बाबेलला जाईल, असे यशयाने सांगितल्यावर तो म्हणतो, ठीक, माझ्या दिवसांत तरी शांती राहील. एवढे मोठे आजारपण आणि शेवटी 'माझ्यापुरते भागले'! टी-शर्ट वाईट नव्हे, पण त्या पैशात एखाद्या कुटुंबाचे धर्मशाळेतले काही दिवसांचे जेवण होते, हे मी बैठकीत बोलून दाखवले. टी-शर्ट रद्द झाले. पदकेही. ड्रोन एका उत्साही तरुणाचा स्वतःचा आहे, त्यामुळे तो बहुधा उडणारच.

शरीराचे म्हणाल, तर मी काही धावपटू नाही. मला दिलेल्या औषधांतले एक हृदयावर आणि एक फुप्फुसांवर परिणाम करू शकते, म्हणून डॉक्टरांनी आधी हृदयाची सोनोग्राफी आणि श्वासाची तपासणी करून घेतली, मगच परवानगी दिली. आमच्यासारख्या कोणी धावायचे मनात आणले असेल, तर हे जरूर करून घ्या, भक्तिभावाच्या भरात वगळू नका. गेले काही महिने मी पहाटे पहाडीवर जातो आहे. आधी नुसता चालायचो, मग एका विजेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचो. वर हॉस्पिटलच्या फाटकाशी थर्मास घेऊन उभे असलेले नातेवाईक दिसतात. त्या मुलीचे बरोबर होते. ताप उतरल्याबरोबर उठता येत नाही. शिमोनाच्या सासूला प्रभूने हात दिला होता. मला तीन वर्षे लागली.

मागच्या आठवड्यात मी भुसावळला फोन केला. त्या आईला धावेबद्दल सांगितले, काय बोलावे ते सुचत नाही हेही सांगितले. ती म्हणाली, "पळा ना भाऊ. पण तिथं नुसतं 'मी वाचलो' असं सांगू नका. माझा पोरगा पण होता म्हणावं." नाव घेतले तर चालेल का, विचारले. चर्चमध्ये घ्या, म्हणाली, देवापुढे घ्या. मोबाइलवर टाकू नका. म्हणून ते इथे लिहिलेले नाही.

साक्ष आता अशी ठरली आहे. मिस्सेत मृतांसाठीच्या प्रार्थनेत नावे वाचली जातील. ज्यांची आहेत त्यांनी ती शनिवारपर्यंत कार्यालयात द्यावीत. जे उपचार घेत आहेत त्यांची नावे घरच्यांना विचारूनच. त्यानंतर मी दोन मिनिटे बोलेन, त्यातले दीड मिनिट त्या मुलाबद्दल. मग प्रत्येकाला एक कागद आणि दोन सेफ्टीपिना. कागदावर एक नाव लिहायचे आणि दुसऱ्याने ते पाठीवर लावून द्यायचे, कारण स्वतःच्या पाठीला स्वतः लावता येत नाही. फादर म्हणाले, आपणही एक लावणार. आपल्या आईचे.

कागद कापून मी घरी आणून ठेवले होते. काल सकाळी आमच्या गल्लीतले किराणा दुकानवाले शेठजी देणगी द्यायला आले. ते काही आपल्या धर्माचे नाहीत. चर्चमध्ये कधी पाऊल टाकलेले नाही. पाकीट दिले आणि कागदांकडे बोट दाखवून हे काय, असे विचारले. मी सांगितले. थोडा वेळ ते दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "मास्टरजी, पैदल चलें तो चलेगा?" मी म्हटले, चालेल. त्यांनी दोन कागद मागून घेतले, घडी घालून खिशात ठेवले आणि पिना किती वाजता मिळतील ते विचारून दुकान उघडायला गेले.